वायर जोडलेली, तरी ९४: एका फ्लॅटमधल्या लॅन दुरुस्तीच्या नोंदी

जागा: पुणे, तिसरा मजला, तीन बेडरूमचा फ्लॅट. बांधकाम चालू असतानाच भिंतीतल्या पाइपांतून तीन लॅन (घरातल्या वायरच्या नेटवर्कच्या) केबल टाकलेल्या. तिन्ही हॉलमध्ये टीव्हीच्या मागे निघतात. नोंदीपुरती नावं: अ (अभ्यासाची खोली, सुमारे १४ मीटर), ब (मोठी बेडरूम, १८ मीटर), क (मुलांची खोली, २२ मीटर).
लाइन: फायबर, ३०० एमबीपीएस, अपलोड-डाउनलोड सारखाच. ओएनटीमध्येच (फायबर जिथे संपते त्या पेटीतच) राउटर.
हत्यारं: दोन तुकड्यांचा आठ दिव्यांचा लॅन टेस्टर, क्रिम्पिंग टूल (प्लग बसवायचं), पंचिंग टूल (जॅकमध्ये तारा दाबायचं), मल्टिमीटर, कंपनीत तयार झालेल्या दोन मीटरच्या दोन पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना प्लग असलेल्या तयार वायरी), लिनक्स असलेला एक मिनी पीसी, एक लॅपटॉप.

शनिवार, ७ जून २०२५

तक्रार अशी की अभ्यासाच्या खोलीतल्या डेस्कटॉपला वायर आहे, तरी स्पीड टेस्ट ९३.८ च्या वर सरकत नाही. हॉलमध्ये फोनवर, वायफायने, त्याच टेस्टला २८० ते २९०. म्हणजे बाहेरून येणारं पाणी भरपूर आहे, घरातला नळ बारीक आहे.

९३ ते ९५ हा आकडा दिसला की निम्मं निदान तिथेच होतं. एक भरलेली फ्रेम (वायरवरून जाणारा डेटाचा एक गठ्ठा) तारेवर १५३८ बाइटची जागा घेते. त्यात हेडर (पत्ता वगैरे), चेकसम (चूक पकडायचा आकडा), सुरुवातीची खूण आणि दोन फ्रेममधली सक्तीची मोकळी जागा हे सगळं आलं. त्यातून आपल्या फायलीचे जेमतेम १४४८ ते १४६० बाइट पोचतात. भागून पाहिलं तर ९४-९५ टक्के. म्हणून निरोगी १०० च्या लिंकवर ९४ आणि निरोगी १००० च्या लिंकवर ९४० च्या आसपास मिळतं. लाइनच मंद असती तर आकडा ६०, ११०, ७५ असा नाचला असता. ९४ वर खिळा ठोकल्यासारखा बसलेला आकडा सांगतो की वाटेत कुठेतरी १०० चं फाटक आहे.

(ब्राउझरमध्ये दिसणारं ११.५ हे मेगाबाइटमधलं असतं, आठाने गुणलं की ९२. या गुणाकाराअभावी कितीतरी तक्रारी कस्टमर केअरला जातात.)

विंडोजमध्ये नेटवर्क सेटिंग्जमधून ईथरनेट उघडून लिंक स्पीड, म्हणजे वायरच्या दोन टोकांनी आपसांत ठरवलेला वेग, पाहिला: १००/१००. डेस्कटॉपचं कार्ड गिगाबिटचं, म्हणजे १००० चं आहे. टेस्टर, पक्कड आज काहीच काढलं नाही. मापं लिहून ठेवली, कारण उद्यापासून बदल सुरू झाले की आधीचं काय होतं ते कुणाला आठवत नाही.

अ: लिंक १००, इंटरनेट ९३.८ खाली (डाउनलोड), ९२.६ वर (अपलोड).
ब: लिंक १००, इंटरनेट ९३.५ खाली, ९२ वर.
क: लिंक १००, मधूनच तुटते. इंटरनेट ४० ते ८८.

रविवार, ८ जून

डेस्कटॉप बाजूला ठेवला आणि त्याच्या जागी मिनी पीसी लावला. लिनक्सवर ईथटूल चालवलं की आपल्या लिंकचा वेग कळतोच, शिवाय समोरचं टोक काय काय जमेल म्हणून सांगतंय तेही दिसतं. ही दुसरी यादी फार कामाची. समोरचा १००० येतं म्हणतोय आणि तरी लिंक १०० वर, तर केबलवर संशय. समोरचा मुळातच १०० पर्यंत सांगतोय, तर केबलला हात लावण्यात अर्थ नाही, पोर्ट बघायचा.

यादीत समोरच्याकडून १० आणि १०० इतकंच. हॉलमध्ये जाऊन ओएनटी पालथा केला. चार लॅन पोर्ट. लॅपटॉप कंपनीच्या पॅच कॉर्डने एकेकाला लावून पाहिला: पहिल्यावर १०००, उरलेल्या तिन्हींवर १००. सेवा देणाऱ्यांनी बसवलेल्या बऱ्याच ओएनटींत असंच असतं, एक पोर्ट गिगाबिटचा आणि बाकीचे शंभरचे. बाहेरून चारही सारखे दिसतात, खाली स्टिकरवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. केबल अ तिसऱ्या पोर्टमध्ये होती.

अ काढून पहिल्या पोर्टमध्ये घातली. लिंक: १००.

इथे एरवी माणूस म्हणतो, पोर्टचा दोष नव्हता, आणि केबल परत तिसऱ्यात खोचतो. मग केबल दुरुस्त करतो, तरी १००, मग कार्ड बदलतो, मग विंडोज नव्याने टाकतो. दोन दोष एकावर एक बसले असतील तर एकच काढून काहीच दिसत नाही. म्हणून या कामापुरता नियम केला: जी गोष्ट स्वतंत्रपणे चुकीची ठरली ती सुधारल्यावर परत फिरवायची नाही, फरक पडो न पडो.

ईथटूल पुन्हा पाहिलं. आता समोरचा १००० म्हणतोय. तरी लिंक १००. म्हणजे आता पाळी केबलची.

तीन केबलांना गिगाबिटचा एकच पोर्ट पुरणार नाही, त्यामुळे पाच पोर्टांचा साधा गिगाबिट स्विच (एका पोर्टाचे अनेक करणारी पेटी) मागवला. खोक्यावर '१०/१००/१०००' आहे याची खात्री करून घ्यावी. दिसायला हुबेहूब तसाच '१०/१००' वाला अजून विकला जातो आणि थोडा स्वस्त म्हणून तोच हातात पडतो.

शनिवार, १४ जून

स्विच बसला. ओएनटीचा पहिला पोर्ट → स्विच → अ, ब, क.

केबल अ वर टेस्टर. दिवे १, २, ३, ४, ५, ६, मग ७ गायब, ८ लागला.

१०० ची लिंक चार जोड्यांपैकी दोनच वापरते: १-२ आणि ३-६. १००० ला आठही तारा लागतात. दोन्ही टोकं आधी १००० ठरवतात, लिंक उभी राहत नाही, आणि बहुतेक कार्डं काही प्रयत्नांनंतर मुकाट १०० वर उतरतात. कुठे चूक दाखवत नाहीत. म्हणून सात नंबरची एक तार सुटलेली असली तरी घर वर्षानुवर्षं 'व्यवस्थित' चालतं; प्लॅन ५० किंवा १०० चा असेपर्यंत कुणाला पत्ताही लागत नाही. प्लॅन ३०० चा झाला की पहिल्यांदा बोंब होते.

खोलीतली फेसप्लेट उघडली. आत कीस्टोन जॅक (भिंतीतलं प्लग खोचायचं भोक). केबलचं वरचं काळं आवरण जवळजवळ सहा सेंटिमीटर सोललेलं, चारही जोड्यांचा पीळ पार सोडून तारा शेवयांसारख्या सरळ केलेल्या. पांढरी-तपकिरी तार पात्याच्या खाचेत अर्धवट बसलेली, तिच्या प्लास्टिकला पात्याने ओरखडासुद्धा काढलेला नाही. खाचेच्या दोन्ही बाजूंना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाच्या खुणा. पंचिंग टूलऐवजी स्क्रूड्रायव्हरने दाबलं की पाती फाकतात. फाकलेलं पातं नंतर टूल आणलं तरी तार घट्ट धरत नाही. म्हणून जॅक पुन्हा वापरला नाही, नवा घेतला.

नवा जॅक लावताना:
आवरण तीनच सेंटिमीटर सोललं. ब्लेड आवरणावर नुसतं फिरवायचं, आतल्या तारेला लागू द्यायचं नाही. ब्लेड लागलेली तार महिन्या-दोन महिन्यांनी वाकवताना तुटते.
पीळ शेवटपर्यंत ठेवला, खाचेत घालण्यापुरता सोडला. मर्यादा १३ मिलीमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढं.
जॅकवरच्या स्टिकरमधली 'बी' ची (दोन ठरलेल्या रंगक्रमांपैकी एकाची) रांग पाळली. जॅकमधल्या खाचा १ ते ८ अशा क्रमाने नसतात, त्यामुळे प्लगचा क्रम डोक्यात ठेवून जॅक भरला तर घोळ ठरलेला. स्टिकरवरचे रंगच बघायचे.
पंचिंग टूलची कापणारी बाजू बाहेर. उलटं धरलं तर आतली तार कापली जाते आणि बाहेरचं शेपूट राहतं.
पेटीत वीसेक सेंटिमीटर केबल वेटोळं करून ठेवली, पुढच्या वेळेसाठी.

टेस्टर: आठही दिवे क्रमाने. ईथटूल: १०००, फुल डुप्लेक्स (दोन्ही दिशांना एकाच वेळी). मिनी पीसी खोलीत, लॅपटॉप स्विचवर, मध्ये आयपर्फ (दोन संगणकांमधला वेग मोजणारा प्रोग्राम). प्रत्येक दिशेला ३० सेकंद: ९४१ आणि ९४०. कार्डाच्या नोंदीतल्या चुकलेल्या फ्रेम शून्य. मग डेस्कटॉप परत जोडून स्पीड टेस्ट: २९१ खाली, २८८ वर.

आयपर्फ आधी आणि स्पीड टेस्ट नंतर, हा क्रम मुद्दाम. स्पीड टेस्टमध्ये घर, सेवा देणारा आणि समोरचा सर्व्हर हे तिघं मिसळलेले असतात. आयपर्फमध्ये फक्त आपली वायर.

रविवार, १५ जून

केबल ब. टेस्टर: आठही दिवे, क्रमाने, एकही चूक नाही. 'केबल ओके' असं म्हणून बहुतेक जण इथेच उठतात.

मिनी पीसी लावला. लिंक १००० वर आली. दोन मिनिटांत पडली. पुन्हा १०००. पुन्हा पडली. मग १०० वर स्थिरावली. १००० असताना घाईघाईत आयपर्फ चालवलं: ३१०, १२०, ४०५, ०, २६०. चेकसम चुकलेल्या फ्रेमचा आकडा दर सेकंदाला शेकड्यांनी वाढतोय. १०० वर आल्यावर मात्र सुतासारखं सरळ ९४, चूक शून्य.

प्लग उजेडात धरला. क्लिप खाली आणि सोनेरी पट्ट्या वर करून डावीकडून रंग वाचले: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दिसायला किती नीटनेटकं. दुसऱ्या टोकालाही अगदी तसंच. पट्टीपट्टीने रंगाला रंग जुळवलेला, आणि चूक नेमकी तिथेच.

बरोबर क्रम असा:
पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

हिरव्या जोडीने निळीला मध्ये घेऊन ३ आणि ६ वर बसायचं असतं. हे विचित्र वाटतं, पण कार्डाच्या दृष्टीने जोड्या ठरलेल्या आहेत: १-२, ३-६, ४-५, ७-८. प्रत्येक जोडीतल्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या हव्यात. एकीवर जेवढा गोंगाट चढतो तेवढाच दुसरीवर चढतो, आणि कार्ड दोन्हींतला फरक घेतं तेव्हा तो वजा होतो. केबलची सारी करामत या पिळात आहे. या घरात वायरमनने ३ ला पांढरा-हिरवा आणि ६ ला निळा दिला. या दोघींचा एकमेकींशी पीळच नाही. पांढऱ्या-हिरवीचा पीळ आहे हिरवीशी, आणि ती ४ वर बसून वेगळीच जोडी चालवतेय. एका जोडीचं बोलणं दुसरीच्या कानात.

टेस्टर फक्त विचारतो, एक नंबर एकला पोचला का, दोन नंबर दोनला पोचला का. पोचलेत. कोण कुणाशी पिळलेलं आहे हे त्याला कळायचं साधन नाही. ते सांगणारे मीटर असतात, पण त्यांची किंमत अशी की घरगुती कामाला कुणी आणत नाही. प्लग उलटून रंग वाचणं फुकट आहे.

आणि १०० वर का चाललं? ४-५ ची जोडी १०० ला लागतच नाही. कुजबुजायला शेजारीण जागीच नाही, म्हणून ३-६ चं कसंबसं भागतं. १००० झाल्यावर दोघी एकाच वेळी बोलायला लागतात.

दोन्ही प्लग कापले. नवे लावताना एक बारीक गोष्ट: भिंतीतली केबल एकसंध तांब्याच्या तारेची असते, पॅच कॉर्ड बारीक धाग्यांची. प्लगही दोन जातींचे येतात. धाग्यांसाठीच्या प्लगमध्ये पट्टीचे दात तारेच्या मधोमध घुसतात; एकसंध तारेला ते दात बाजूला सरकतात आणि पकड राहत नाही. एकसंध तारेसाठीच्या पट्टीला आळीपाळीने वाकवलेले दात असतात, ते तारेला दोन्हीकडून चिमटतात. दुकानात 'सॉलिड केबलचे द्या' असं स्पष्ट सांगावं. शंभराच्या पिशवीत मिळणारे बिनानावाचे नको.

तारा सरळ कापून प्लगमध्ये पूर्ण आत सारल्या. समोरच्या पारदर्शक टोकातून आठही तारांची तांबडी टोकं दिसली पाहिजेत. बाहेरचं आवरण प्लगच्या आत, त्या त्रिकोणी खिट्टीखाली जायला हवं. आवरण बाहेर राहिलं तर सगळा ताण बारीक तारांवर येतो. एका टोकाचा पहिला प्रयत्न फसला, सहावी तार अर्धा मिलीमीटर मागे राहिली. कापला, पुन्हा केला. क्रिम्पिंगला दुरुस्ती नसते, फेकायचाच.

ब: ९४१ / ९३९. अर्धा तास आयपर्फ चालू ठेवलं, चुकलेल्या फ्रेम शून्य.

शनिवार, २१ जून

केबल क. सर्वांत वाईट.

टेस्टरवर दिवे लागतात, पण ४ आणि ५ चे मंद. फेसप्लेट ठीक, हॉलकडचा प्लग ठीक, रंग बरोबर. मग वाटेत काहीतरी. पॅसेजच्या छताजवळच्या जंक्शन बॉक्सचं झाकण काढलं आणि उत्तर मिळालं. खोलीचं फर्निचर हलवल्यावर भिंतीवरच्या लॅन पॉइंटची जागा बदललेली. जुनी केबल पुरली नाही म्हणून नवा तुकडा जोडलेला, आणि जोड दिव्याच्या वायरीसारखा: आठ तारांना आठ तारा पिळून वर काळी टेप. चार ठिकाणी टेप सुटलेली. ५० हर्ट्झच्या विजेला असला जोड चालतो. लॅनच्या तारेत त्या दहा सेंटिमीटरमध्ये पीळ नाही, अंतर सारखं नाही. सिग्नल तिथे आपटून मागे फिरतो.

जोडलेला तुकडा ब्लेडने खरवडला. वरची तांबडी झाक निघाली आणि खाली चांदीसारखा पांढरा. सीसीए, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. आवरणावर 'कॅट ६' असा दर्जा छापलेला आहे. छापायला कुणाची ना नाही.

खरवडल्यावर शंका उरत नाही, तरी मापून ठेवलं. दूरच्या टोकाला एका जोडीच्या दोन तारा एकत्र पिळल्या आणि जवळच्या टोकाला मल्टिमीटर लावला. २४ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला ०.०८४ ओहमच्या आसपास. २२ मीटर जाऊन-येऊन ४४ मीटर, म्हणजे ३.७ ओहम अपेक्षित. मिळाले ५.१, मीटरच्या पिनांचे ०.२ वजा करून. निळ्या जोडीवर ११ आणि वायर हलवली की आकडा बदलतो. तो जोडाचा प्रताप. सगळीच वायर सीसीए असती तर साधारण दीडपट, साडेपाचच्या पुढे गेलं असतं. इथे अर्धी जुनी तांब्याची, अर्धी ही.

सीसीए नुसतं जास्त रोधाचं असतं तर २२ मीटरला निभावलं असतं. त्याची खरी खोड म्हणजे ते पात्याखाली हळूहळू दबतं, सैल होतं, वर ऑक्साइडचा थर धरतो. आज चालतं, पावसाळ्यात कुरकुरतं. याच केबलवरून कॅमेऱ्याला किंवा ॲक्सेस पॉइंटला वीज द्यायची असेल तर अजिबात घेऊ नये, तार तापते.

निर्णय: क पूर्ण बदलायची. शुद्ध तांब्याची कॅट ६, २३ गेज, २६ मीटर. (पूर्ण खोकं ३०५ मीटरचं येतं. दुकानदार मीटरवर देतो, पण तुकडा कापायच्या आधी टोक खरवडून दाखवायला सांगावं. खरा माल असेल तर तो हसत दाखवतो.)

जुनी केबलच ओढदोर म्हणून वापरता येते का पाहिलं. मधल्या वळणात अडकली. जोर लावला नाही. लॅन केबलला ओढताना ११० न्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण ११ किलोच्या ताणापेक्षा जास्त द्यायचा नसतो. आवरण शाबूत दिसतं आणि आतला पीळ ताणला जातो. नायलॉनची स्प्रिंग जंक्शन बॉक्सकडून घातली, तीनदा परत फिरली, चौथ्यांदा निघाली. केबलचं टोक तिरकं कापून स्प्रिंगला टेपने बांधलं, हाताला थोडा पातळ साबण लावून एकाने ढकलली, एकाने ओढली.

शेवटचे चार मीटर पाइप सोडून भिंतीवरच्या पीव्हीसी पट्टीतून. याच पट्टीतून जुन्या तुकड्यासोबत एसीची २३० व्होल्टची वायर गेली होती. ती तशी ठेवणं गोंगाटासाठी वाईट, आणि इन्सुलेशन कुठे घासलं गेलं तर जिवाशी खेळ. लॅनसाठी वेगळी पट्टी मारली, विजेपासून वीत-दीड वीत दूर. एक जागा ओलांडावी लागली तिथे काटकोनात ओलांडली. वळणं अडीच सेंटिमीटरपेक्षा घट्ट नाहीत.

कॅट ६ च्या तारा जाड, जुन्या प्लगच्या भोकात शिरत नाहीत. कॅट ६ चे प्लग आणि कॅट ६ चाच कीस्टोन. मधल्या प्लास्टिकच्या क्रॉसला आवरणाच्या कडेशी बारीक कापलं.

क: ९४१ / ९४१.

रविवार, २२ जून

वायरी झाल्या, आता टोकाची उपकरणं. तासाभराचं काम.

टीव्ही १०० वरच. त्याचा पोर्टच १०० चा आहे, बऱ्याच टीव्हींचा असतो. दोष नाही, सोडून दिलं. चित्रपटाला १०० पुरून उरतात.

मुलांच्या खोलीतल्या लॅपटॉपवर आयपर्फ ३२० दाखवतं, तर त्याच वायरीवर मिनी पीसी ९४१. लॅपटॉपला लॅन पोर्ट नाही, यूएसबीचा अडॅप्टर आहे, आणि तो यूएसबी २ च्या भोकात खोचलेला. यूएसबी २ ची कागदावरची कमाल ४८०, हातात येतं ते तीनशेच्या घरात. शेजारच्या यूएसबी ३ मध्ये घातल्यावर ९३०. वायर तपासायच्या आधी मोजणारं यंत्र तपासावं हे इथे पुन्हा पटलं.

मोठ्या बेडरूममध्ये एका जुन्या पीसीचं प्रकरण वेगळं: लिंक १००, पिंग (लहान पाकीट जाऊन यायला लागणारा वेळ) झकास, पण फाइल कॉपी करताना वेग ३ ते ५. कार्डाच्या गुणधर्मांत 'स्पीड अँड डुप्लेक्स' मध्ये '१०० फुल' असं बांधून ठेवलेलं. एका टोकाने वेग बांधला की दुसऱ्या टोकाला वाटाघाटीचं उत्तर मिळत नाही. ते वेग ओळखतं, पण डुप्लेक्स कळत नाही म्हणून हाफ (एका वेळी एकाच दिशेला) धरतं. एक बाजू हवं तेव्हा बोलते, दुसरी तिला टक्कर समजून थांबते. पिंगचे पाकीट छोटे, म्हणून निसटतात. खरी वाहतूक सुरू झाली की कोंडी. 'ऑटो निगोशिएशन' वर ठेवलं: १०००, ९३८. 'वेग वाढवायला १०० फुल करा' हा सल्ला अजून फिरतोय. गिगाबिटला तर वाटाघाटी सक्तीची आहे.

डेस्कटॉपला बसून राहिल्यावर लिंक क्षणभर जायची. कार्डाच्या गुणधर्मांत 'एनर्जी एफिशियंट ईथरनेट' आणि 'ग्रीन ईथरनेट' बंद केले. तेव्हापासून गेलेली नाही.

शनिवार, २८ जून

उरलेली तक्रार: रात्री फोटोंचा बॅकअप चढायला लागला की सगळ्यांचंच मंदावतं, वायरवालेसुद्धा.

आधी फायबर. ओएनटीच्या पानावर येणारा प्रकाश उणे २१ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप; जितकं जास्त उणे तितका मंद). जीपॉनच्या (घरगुती फायबरच्या एका पद्धतीच्या) सामान्य ओएनटीला उणे ८ ते उणे २७ चालतं, त्यामुळे ठीक. उणे २६ च्या खाली सरकत असता तर सेवा देणाऱ्याला आकडा सांगून बोलावलं असतं. 'नेट स्लो आहे' म्हटल्यावर ते राउटर बंद-चालू करायला सांगतात, डीबीएम सांगितल्यावर माणूस पाठवतात.

मग बॅकअप चालू ठेवून पिंग: रिकाम्या लाइनवर ७ मिलिसेकंद, भरलेल्या लाइनवर २१० ते २६०. खाली येणारा वेगही २९० वरून १३० ला. चढती बाजू तुडुंब भरली की डाउनलोडच्या पोचपावत्याही त्याच रांगेत उभ्या राहतात. पावती उशिरा गेली की समोरचा हात आखडता घेतो. केबलचा काडीचा संबंध नाही, पण लोक इथेही केबलच बदलतात.

ओएनटी ब्रिजवर घेतला, म्हणजे त्यातलं राउटरचं काम बंद केलं. पीपीपीओईचं (सेवा देणाऱ्याकडे लॉगिन करायच्या पद्धतीचं) युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅनचा नंबर आधी लिहून घेतला. हे न लिहिता रीसेट मारला तर दोन दिवस घर बंद. पुढे ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची खुली प्रणाली) असलेला राउटर, त्यावर 'केक' ही रांगेची पद्धत, दोन्ही दिशांना २८५ ची मर्यादा. मर्यादा लाइनपेक्षा पाचेक टक्के खालीच हवी, म्हणजे रांग आपल्या राउटरात लागते, जिथे तिला शिस्त लावता येते. स्वस्त राउटरचा प्रोसेसर ३०० ला धापा टाकतो, म्हणून हा घेताना त्याकडेच पाहिलं. भरलेल्या लाइनवर पिंग आता ११ ते १५.

नव्या राउटरवर काही संकेतस्थळं अर्धवट उघडून थांबली. पीपीपीओई प्रत्येक पाकिटातले ८ बाइट खातं, त्यामुळे १५०० ऐवजी १४९२. पिंगला तुकडे करू नको असं सांगून पाहिलं: १४६४ जातं, १४६५ अडतं, हेडरचे २८ मिळवले की १४९२ जुळतं. राउटरवर एमटीयू (पाकिटाची कमाल लांबी) १४९२ आणि फायरवॉलमध्ये एमएसएस क्लॅम्पिंग (समोरच्यालाही तेवढीच लहान पाकिटं पाठवायला लावणं) चालू केलं. लगेच सुटलं.

शनिवार, १९ जुलै

आठवडाभर झड. डेस्कटॉपच्या नोंदीत अ ची लिंक मंगळवारी आणि गुरुवारी १००० वरून १०० वर, दोन्ही वेळा पहाटे. महिन्यापूर्वी लावलेला कीस्टोन उघडला. पेटी बाहेरच्या भिंतीत आहे, आतून ओल, पाइपच्या तोंडातून थेंब आलेले. दोन पात्यांवर हिरवट डाग.

केबलचं टोक चार सेंटिमीटर कापलं (जूनमध्ये ठेवलेलं वेटोळं कामाला आलं), नवा जॅक लावला, पण पेटीत नाही. भिंतीवर एक इंच पुढे सरफेस बॉक्स बसवून त्यात. केबलला पेटीत खाली लोंबतं वळण दिलं, म्हणजे पाणी आलंच तर वळणाच्या तळाशी गळेल, जॅकपर्यंत चढणार नाही. पाइपचं तोंड सिलिकॉनने बंद केलं नाही. आलेलं पाणी आतच साठेल.

आजची मापं: अ ९४१/९४०, ब ९४१/९३९, क ९४१/९४१. तिन्हीकडे इंटरनेट २७० ते २७८, म्हणजे २८५ च्या मर्यादेतून हेडर वजा जाता मिळतं तेवढं. चुकलेल्या फ्रेम: अ ०, ब ०, क ०.

राहिलेलं: क ची जुनी केबल अजून पाइपच्या वळणात अडकून आहे. भिंत सुकल्यावर, दिवाळीच्या रंगकामाआधी काढायची. तिच्या हॉलकडच्या टोकाला नायलॉनची दोरी बांधून ठेवली आहे. टोक टीव्हीच्या मागे आहे, लाल टेप. कुणी कापू नये.